रीस्टार्ट केला आणि नोड परत आलाच नाही: इलास्टिकसर्चच्या सर्टिफिकेटांचं दुखणं

इलास्टिकसर्च म्हणजे साठवलेल्या माहितीत शोध घेणारं सॉफ्टवेअर. आमच्याकडे त्याचं तीन नोडचं क्लस्टर होतं, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या तीन सर्व्हरांचा गट, तीन वर्षं विनातक्रार चाललेलं. एका शनिवारी रात्री पहिल्या नोडच्या मशीनवर पॅच टाकले, मशीन रीस्टार्ट केलं, आणि तो नोड क्लस्टरमध्ये परत आलाच नाही. लॉगमध्ये दर थोड्या वेळाने एकच तक्रार: समोरच्या नोडच्या सर्टिफिकेटची, म्हणजे त्याच्या डिजिटल ओळखपत्राची, मुदत संपली आहे. पुढे तारीख. ती तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती.

मी तेव्हा ज्या संस्थेसाठी काम करत होतो, तिथून पहिली सूचना आली: "उरलेले दोन नोडही एकदा रीस्टार्ट करून बघ." या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. असं करू नका. लॉगमध्ये मुदत संपल्याचा उल्लेख दिसला की चालू असलेल्या नोडला हात लावायचा नाही.

कारण असं आहे. सर्टिफिकेटची तपासणी कनेक्शन जुळताना, हँडशेकच्या वेळी होते. एकदा जुळलेलं कनेक्शन पुढे चालू राहतं, मधे मुदत संपली तरी कोणी पुन्हा तपासत नाही. इलास्टिकसर्चचे नोड एकमेकांशी ९३०० पोर्टवर जी कनेक्शनं जोडतात ती दीर्घकाळ टिकणारी असतात. म्हणून मुदत संपल्यावरही आमचं क्लस्टर पाच आठवडे चाललं. ९२०० वरचं, म्हणजे क्लायंटला दिसणारं सर्टिफिकेट वेगळं होतं आणि त्याची मुदत पाच वर्षांची होती, त्यामुळे बाहेरून कोणाला काहीच जाणवलं नाही. तिघांपैकी दोघं अजून एकमेकांना धरून होते, बहुमत शाबूत होतं, शोध चालू होता. दुसरा नोड रीस्टार्ट केला असता तर तोही बाहेर राहिला असता, बहुमत गेलं असतं आणि मास्टर, म्हणजे क्लस्टरचा कारभार बघणारा नोड, निवडला गेला नसता. एका नोडची अडचण अख्ख्या सेवेची झाली असती.

पुढे जाण्यापूर्वी एक सांगतो. आज्ञा आणि फाइलींची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत, टर्मिनलवर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकायची.

त्या रात्री मार्ग असा निघाला. इलास्टिकसर्च सर्टिफिकेटांच्या फाइलींवर लक्ष ठेवून असतं आणि फाइल बदलली की ती पुन्हा वाचतं, मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ सेकंदांनी. रीस्टार्ट लागत नाही. मात्र फाइलचं नाव, जागा आणि पासवर्ड तेच हवेत, कारण पासवर्ड असतो इलास्टिकसर्चच्या स्वतःच्या कीस्टोअरमध्ये (गुपितं ठेवायच्या फाइलीत) आणि तिथला बदल रीस्टार्टशिवाय घेतला जात नाही. जुना पासवर्ड कोणाला आठवत नव्हता. तो 'इलास्टिकसर्च-कीस्टोअर शो' या आज्ञेने मिळाला. पुढे सेटिंगचं पूर्ण नाव द्यायचं, ट्रान्सपोर्टच्या (म्हणजे नोडांमधल्या ९३०० वरच्या संवादाच्या) एसएसएल कीस्टोअरचा सिक्युअर पासवर्ड. तोच पासवर्ड देऊन नवी सर्टिफिकेटं केली, चालू असलेल्या दोन नोडवर ती जुन्या फाइलींच्या जागी ठेवली, लॉगमध्ये फाइल पुन्हा वाचल्याची खात्री केली आणि मग बाहेर राहिलेल्या नोडवर ठेवून त्याला सुरू केलं. तो आला.

हे सगळं व्हायला पहाटेचे चार वाजले, कारण सीएची, म्हणजे बाकीच्या सर्टिफिकेटांवर सही करणाऱ्या मूळ सर्टिफिकेटची, फाइल सापडली पण तिचा पासवर्ड सापडला नाही. त्याबद्दल खाली लिहितो.

ही मुदत येते कुठून? 'इलास्टिकसर्च-सर्टयुटिल' हे इलास्टिकसर्चसोबत येणारं साधन सांगितलं नाही तर १०९५ दिवसांची, म्हणजे तीन वर्षांची मुदत घालतं. त्याचाच 'एचटीटीपी' हा प्रश्नोत्तरांचा प्रकार वापरला तर सुचवलेली मुदत ५ वर्षं असते. फेब्रुवारी २०२२ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीपासून सुरक्षा आपोआप चालू होते आणि पहिल्यांदा सुरू होतानाच सर्टिफिकेटं तयार होतात. त्यात नोडांमधल्या संवादाचं सर्टिफिकेट ९९ वर्षांचं, पण ९२०० वरचं फक्त २ वर्षांचं असतं. म्हणजे तुमच्याकडे सर्टिफिकेटं कोणत्या रस्त्याने आली यावर ती कधी आणि कुठे तुटणार हे ठरतं. तीन वर्षांनी काम करणारा माणूसही बहुधा दुसराच असतो. म्हणून दर वेळी हे नवं संकट वाटतं.

आधी लॉग नीट वाचा

इलास्टिकसर्च जावावर चालतं. जावाची एरर लांबलचक असते आणि खरं कारण बहुतेकदा अगदी खाली, शेवटच्या 'कॉज्ड बाय' ओळीत असतं. वरच्या ओळीतला 'एसएसएल हँडशेक एक्सेप्शन' काहीच सांगत नाही. खालची ओळ वाचली की तक्रार कशाची आहे ते कळतं: सही, नाव, तारीख किंवा फाइल.

'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' दिसलं तर प्रश्न सहीचा आहे. समोरच्या सर्टिफिकेटवर ज्या सीएची सही आहे तो सीए इकडच्या ट्रस्टस्टोअरमध्ये, म्हणजे विश्वास ठेवायच्या सीएंच्या यादीत, नाही. कर्लची (टर्मिनलवरून एखादा पत्ता विचारायच्या साधनाची) एरर ६० बहुतेक वेळा हेच सांगत असते. 'नो सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम्स मॅचिंग' दिसलं तर नावाचा. 'नॉट आफ्टर' आणि पुढे तारीख असेल तर मुदत संपली. 'नॉट बिफोर' असेल तर मशीनचं घड्याळ मागे आहे, जुन्या स्नॅपशॉटवरून उठवलेल्या व्हर्च्युअल मशीनवर हे होतं. तारखांबद्दल आणखी एक: सर्टिफिकेटमधली वेळ ग्रीनिचची असते. तिथे मध्यरात्री १२ ला संपणारी मुदत आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते.

'रिसीव्ह्ड प्लेनटेक्स्ट एचटीटीपी ट्रॅफिक ऑन ॲन एचटीटीपीएस चॅनेल' ही ओळ दिसली तर सर्टिफिकेटात काहीच बिघडलेलं नाही. कुठला तरी क्लायंट अजून जुन्या, साध्या एचटीटीपी पत्त्यावर येतो आहे. लॉगमध्ये त्याचा आयपी असतो. त्याला शोधून पत्ता बदलायचा, सर्टिफिकेटं नव्याने करत बसायचं नाही.

लॉग क्लायंटचा की सर्व्हरचा, हेही बघा. 'बॅड सर्टिफिकेट' किंवा 'सर्टिफिकेट अननोन' असा फेटल अलर्ट आल्याचं एका बाजूला दिसत असेल, तर नकार समोरच्याने दिलेला आहे आणि खरं कारण समोरच्याच्या लॉगमध्ये आहे. चुकीच्या मशीनचा लॉग वाचत माणसं अख्खी दुपार घालवतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

सर्वांत जास्त वेळा अडतं ते नाव

मुदत तीन वर्षांतून एकदा संपते. नावाचा घोळ मात्र दर महिन्या-दोन महिन्यांनी होतो: नवा नोड आला, आयपी बदलला, मधे लोड बॅलन्सर (विनंत्या नोडांमध्ये वाटून देणारा) बसवला, सगळं डॉकरमध्ये हलवलं.

सर्टिफिकेटमध्ये 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' नावाचा एक रकाना असतो. क्लायंट ज्या नावाने हाक मारतो तेच नाव त्या रकान्यात आहे का, एवढंच तपासलं जातं. सर्व्हर तोच आहे, मशीन तेच आहे, याचा उपयोग नाही. कर्लने 'लोकलहोस्ट'ला विचारलं तर उत्तर येतं आणि ॲप्लिकेशनने १०.०.०.१२ ला विचारलं तर नकार येतो, तो याच कारणाने. आयपी पत्ता हा आयपी म्हणूनच नोंदवलेला लागतो. डीएनएस नावांच्या जागी १०.०.०.१२ असं लिहून चालत नाही. तारांकित नाव फक्त एका पायरीपुरतं असतं, दोन टिंबं पलीकडचं नाव त्यात बसत नाही. आणि 'कॉमन नेम'वर विसंबू नका. क्रोमने २०१७ मध्ये आणि गो भाषेने २०२० मध्ये त्याकडे बघणं सोडलं.

आता हे वारंवार का होतं त्याचं मूळ. ट्रान्सपोर्टसाठीची नेहमीची कृती सांगते: सर्टयुटिलने सीए करा, मग त्याच्या सहीने सर्टिफिकेट करा, जी 'इलास्टिक-सर्टिफिकेट्स.पी१२' नावाची फाइल मिळेल ती सगळ्या नोडवर ठेवा आणि 'व्हेरिफिकेशन मोड'ला 'सर्टिफिकेट' लिहा. हे बरोबर आहे. या मोडमध्ये सही आणि मुदत तपासली जाते, नाव तपासलं जात नाही, म्हणून त्या सर्टिफिकेटमध्ये एकही नाव नसलं तरी नोड एकमेकांना स्वीकारतात. पण मग कोणीतरी तीच फाइल ९२०० साठीही वापरतो. किबाना (इलास्टिकसर्चमधली माहिती ब्राउझरमध्ये दाखवणारं साधन) जोडायला जातो, नाव जुळत नाही, आणि घाईत किबानाची तपासणीच बंद करतो. पायथनच्या क्लायंटला 'सर्टिफिकेट तपासू नको' असं सांगतो. कर्लला उणे के, म्हणजे तपासणी टाळायचा पर्याय, लावतो. सगळं चालू होतं. त्या दिवसापासून ते क्लस्टर एन्क्रिप्टेड असूनही उघडं असतं.

याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून थोडं थांबून लिहितो. समोर कोण आहे हे न तपासता केलेलं एन्क्रिप्शन म्हणजे बंद पाकीट कोणाच्याही हातात देणं. मधे कोणी स्वतःचं सर्टिफिकेट घेऊन उभा राहिला, तर क्लायंट आपला पासवर्ड त्यालाच देईल, आणि घाईच्या वेळी हा पासवर्ड बहुतेक ठिकाणी 'इलास्टिक' या सर्वाधिकारी खात्याचाच असतो. "आपलं आतलं नेटवर्क आहे" हे उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे. आतल्या नेटवर्कवर प्रिंटर असतात, पाहुण्यांचे लॅपटॉप असतात, कधीकाळी कोणी लावून विसरलेली मशीनं असतात. तपासणी बंद करण्याची ओळ तात्पुरती म्हणून लिहिली जाते आणि कायमची राहते, कारण ती लिहिल्यावर एरर येणंच थांबतं आणि कोणाला तिची आठवण होत नाही.

पुन्हा अडू नये अशा रीतीने तयार करणं

सर्टयुटिल उघडण्याआधी कागद घ्या. प्रत्येक नोडला कोण कोण कोणत्या नावाने हाक मारतं ते लिहा: छोटं होस्टनेम, पूर्ण डीएनएस नाव, लोकलहोस्ट, १२७.०.०.१, आतला आयपी, लोड बॅलन्सरचं नाव, डॉकर असेल तर सर्व्हिसचं नाव. ॲप्लिकेशनच्या, किबानाच्या, लॉगस्टॅशच्या (इलास्टिकसर्चमध्ये माहिती भरणाऱ्या साधनाच्या) सेटिंगमध्ये प्रत्यक्ष काय लिहिलं आहे ते उघडून बघा. आठवणीवर लिहिलेल्या यादीत हमखास एखादं नाव सुटतं.

मग ही यादी एका यामल फाइलीत उतरवा. 'इन्स्टन्सेस' या शब्दाखाली प्रत्येक नोडची नोंद: नेम, त्याखाली डीएनएसची यादी, आयपीची यादी. सर्टयुटिलच्या 'सर्ट' प्रकाराला ही फाइल 'इन' या पर्यायाने द्यायची, सीएची फाइल 'सीए' पर्यायाने, मुदत 'डेज' पर्यायाने. झिप मिळते, तिच्यात प्रत्येक नोडचं वेगळं फोल्डर. एकच सर्टिफिकेट सगळ्यांना वाटण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं: एका मशीनची की (सर्टिफिकेटाची गुप्त किल्ली) फुटली तर एकच बदलावी लागते. ही यामल फाइल गिटमध्ये ठेवा. तिच्यात गुपित काही नाही. पुढच्या वेळी नवा नोड आला की एक नोंद वाढवायची आणि तीच आज्ञा चालवायची. आमच्याकडे नावांच्या तक्रारी थांबल्या त्या या फाइलमुळे.

८ आणि पुढच्या आवृत्तीत आपोआप झालेलं ९२०० चं सर्टिफिकेट वापरत असाल, तर त्यात सुरुवात करतानाची होस्टनेम आणि आयपी गोठलेली असतात. नंतर मशीनचा आयपी बदलला की ते निकामी. तेव्हा सर्टयुटिलचा 'एचटीटीपी' प्रकार वापरून नवं करा. तो नावं आणि आयपी एकेक करून विचारतो आणि झिपमध्ये किबानासाठी लागणारी सीएची पेम (साध्या मजकुराच्या रूपातली) फाइलही देतो.

मुदत किती ठेवावी? माझं मत: सीए १० वर्षांचा, नोडची सर्टिफिकेटं १ वर्षाची. सीए करतानाही सर्टयुटिल १०९५ दिवसच घालतं, तेव्हा ३६५० आवर्जून लिहा. नाहीतर दुसऱ्या वर्षी जोडलेल्या नोडला तीन वर्षांचं सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर सही करणारा सीएच आधी संपतो. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर चालणारे क्लायंट सीएचीही मुदत तपासतात, आणि मग नोडचं सर्टिफिकेट ताजं दिसत असूनही 'मुदत संपली' अशी एरर येते. नोडची मुदत कमी ठेवायची ती अशासाठी की वर्षातून एकदा केलेलं काम हाताखालचं राहतं. तीन वर्षांनी करायचं काम कोणालाच येत नसतं.

लेट्स एन्क्रिप्टसारख्या सार्वजनिक सीएकडून का घेऊ नयेत, असं बरेच जण विचारतात. बाहेरून दिसणाऱ्या नावासाठी, पुढे प्रॉक्सी ठेवून, जरूर घ्या. नोडांसाठी नको. केवळ आतल्या नेटवर्कवर चालणाऱ्या नावांना सार्वजनिक सीए सर्टिफिकेट देत नाहीत. शिवाय ट्रान्सपोर्टवर प्रत्येक नोड एकाच वेळी सर्व्हरही असतो आणि क्लायंटही, त्यामुळे सर्टिफिकेटवर दोन्ही वापरांची परवानगी लागते. फक्त सर्व्हरची असेल तर नोड जुळत नाहीत, आणि कंपनीच्या सुरक्षा विभागाने सही करून दिलेल्या सर्टिफिकेटांतही हीच चूक वारंवार निघते. त्यांच्याकडे मागतानाच 'सर्व्हर ऑथ आणि क्लायंट ऑथ, दोन्ही' असं लेखी सांगा. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदतही उतरत चालली आहे; ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येते.

सीए हरवला तर

सीएची फाइल आणि तिचा पासवर्ड या दोन्ही गोष्टी असल्या तरच नवी सही करता येते. आमच्याकडे फाइल होती, पासवर्ड सोडून गेलेल्या सहकाऱ्याबरोबर गेला होता. त्याचा दोष नाही. तो कुठे लिहून ठेवायचा हे संस्थेने कधी ठरवलंच नव्हतं.

अशा वेळी नवा सीए करावा लागतो. जुन्यांची मुदत अजून शिल्लक असेल तर घाई करू नका. आधी प्रत्येक नोडच्या ट्रस्टस्टोअरमध्ये नवा सीए जुन्याच्या जोडीला घाला. सगळ्या नोडवर दोन्ही सीए आले की मगच एकेका नोडचं सर्टिफिकेट नव्या सहीचं करा. सगळे बदलून झाल्यावर जुना सीए काढा. हा क्रम उलटा केला तर अर्धं क्लस्टर उरलेल्या अर्ध्याला ओळखत नाही. क्लायंट आणि किबाना यांच्याकडेही नवा सीए आधीच पोहोचवून ठेवा.

दोन्ही सीए एकत्र करताना एक खाच आहे. ओपनएसएसएलने नुसती सर्टिफिकेटं घालून पी१२ फाइल केली, तर जावा तिच्यातल्या नोंदी विश्वासार्ह म्हणून धरत नाही आणि ट्रस्टस्टोअर रिकामं असल्याची एरर येते. जावाच्या 'कीटूल'ने 'इम्पोर्ट सर्ट' करून घाला. उलट दिशेने, जावाच्या जुन्या आवृत्तीत झालेली पी१२ फाइल ओपनएसएसएल ३ उघडत नाही. आरसी२ या शब्दासह एरर आली तर आज्ञेला 'लेगसी' पर्याय जोडा. पासवर्ड चुकला असं समजून लोक इथे उगाच अडकतात.

फाइलींच्या तक्रारी तशा लहान असतात. सर्टयुटिल रूटने चालवलं की फाइल रूटच्या मालकीची होते आणि इलास्टिकसर्च ती वाचू शकत नाही. गट 'इलास्टिकसर्च' करा आणि परवानगी ६४० ठेवा. फाइल इलास्टिकसर्चच्या कॉन्फिग फोल्डरच्या आतच असायला हवी, बाहेरची असेल तर परवानग्या कितीही बरोबर असोत, वाचायला नकार येतो.

मुदतीवर नजर ठेवायला दोन गोष्टी पुरतात. इलास्टिकसर्चला '_एसएसएल/सर्टिफिकेट्स' हा पत्ता विचारला की वापरातली सर्टिफिकेटं आणि त्यांच्या तारखा मिळतात. प्रत्येक नोडला वेगळं विचारा. आणि क्रॉनमध्ये रोज 'ओपनएसएसएल एक्स५०९'ची 'चेकएंड' तपासणी लावा, २५,९२,००० सेकंद देऊन, म्हणजे ३० दिवस आधी कळेल. ट्रान्सपोर्टचीही लावा, फक्त ९२०० ची नको. आम्ही नेमकं तेच विसरलो होतो. जवळ फाइल नसेल तर ओपनएसएसएलच्याच 'एस क्लायंट'ने थेट ९३०० ला जोडून बघता येतं. हँडशेक पुढे तुटतो, पण तोवर समोरच्याचं सर्टिफिकेट हाती आलेलं असतं.

नवी सर्टिफिकेटं बसवल्यावर यामल फाइल समोर ठेवा आणि तिच्यातल्या प्रत्येक नावाला, प्रत्येक आयपीला एकेकदा कर्लने विचारा. सीएची पेम फाइल द्या, उणे के अजिबात नको. ज्या मशीनवर ॲप्लिकेशन चालतं तिथूनच विचारा, स्वतःच्या लॅपटॉपवरून नव्हे. उत्तरात ४०१ आलं तरी काळजी नाही, सर्व्हर पासवर्ड मागतो आहे, म्हणजे सर्टिफिकेटची परीक्षा त्याआधीच पार पडली.